खालचा खण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते मला विचारू नका, मला जिने सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, गावाशेजारी तलाव होता आणि तलावाच्या काठाने भाताची खाचरं होती.

तलावाच्या बांधात पाणी सोडायचं एक दार होतं, आणि त्या दाराला कुलूप होतं. कुलूप नव्हतं तेव्हा ज्याला हवं तो जाऊन पाणी सोडायचा आणि मग गावात डोकी फुटायची. म्हणून गावाने ठरवलं, की दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली कारभाऱ्याकडे ठेवायची. कारभारी शांत होता, हिशेबाला चोख होता आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. किल्ली ठेवायला याहून चांगला माणूस गावात नव्हता.

कारभाऱ्याच्या ओटीवर एक शिसवी मेज होतं. ते इतकं जड होतं, की घर झाडताना त्याच्या भोवतीनेच झाडत. मेजाला एकाखाली एक असे दोन खण. वरच्या खणात तलावाची किल्ली असायची. खालच्या खणात काय असायचं, ते गावाला माहीत नव्हतं. पण तुम्हाला सांगायला हरकत नाही.

कारभाऱ्याला एक खोड होती. कुणाकडे गेला की एखादी वस्तू मागून आणायचा आणि परत द्यायला विसरायचा. कुणाची सुरी, कुणाचा दाभण, भजनीबुवांची एक चिपळी. त्यात चोरी नव्हती, नुसता विसराळूपणा होता. एकदा त्याने गोदाक्काचा पितळी अडकित्ता असाच आणला. काही दिवसांनी गोदाक्काने पाणवठ्यावर चारचौघांत विचारलं, "कारभारी, आमचा अडकित्ता तुमच्याकडे राहिला का हो?"

त्या क्षणी त्याला काही आठवेना. तोंडून निघून गेलं, "छे, माझ्याकडे कशाला येईल?"

घरी आला तर अडकित्ता समोरच. आता परत द्यावा तर खोटं पडायचं. उद्या बघू, असं म्हणून त्याने तो खालच्या खणात टाकला, बाकीच्या वस्तूही टाकल्या आणि खणाची किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. उद्या काही उजाडला नाही.

इकडे गोदाक्काचा संशय सुनेवर गेला. सुनेचं नाव साळू. "माहेरी पोचवलास ना अडकित्ता?" असं एकदा झालं, दोनदा झालं, मग ते घरात रोजचंच होऊन बसलं. साळू आधी रडली, मग भांडली, मग गप्प झाली. तिचं गप्प होणं कारभाऱ्याच्या कानावर येत असे. त्याला वाईट वाटे, आणि वाईट वाटलं की तो खणाचं कुलूप नीट लागलंय ना ते बघे.

मग एका वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. तलाव फुगला आणि पाणी काठच्या खाचरांत शिरू लागलं. खाचरांत लावणीची कोवळी रोपं होती. अशी रोपं थोडा वेळ पाण्याखाली तग धरतात, मग कुजतात. माणसं धावत कारभाऱ्याकडे आली.

"बांधाचं दार उघडा, कारभारी. रोपं बुडाली."

कारभाऱ्याने वरच्या खणाला हात घातला. खण हलेना. सर्द हवेने लाकूड फुगलं होतं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. प्रत्येकाला वाटलं, आधीच्याला ओढता येत नाही. पैलवानाने मेजाला पाय लावून ओढलं आणि मूठ उपटून पाठीवर पडला. कुणी फटीत तेल सोडलं. कुणी निखाऱ्यांची शेगडी जवळ धरली, तर लाकूड सुकलं नाही, कारभाऱ्याच्या डोळ्यांत धूर मात्र गेला. बांधाचं कुलूप दारातच बसवलेलं होतं, ते फोडावं तर दारही फुटेल, तलाव रिता होईल आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी उरणार नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना होती.

शेवटी गावचा सुतार आला. त्याने मेजाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ह्यात काय आहे? खालचा खण काढा. मोकळ्या जागेतनं हात वर घालतो न् वरच्याच्या बुडाला खालनं ठोकतो. सुटंल."

खरं सांगायचं तर हे कारभाऱ्यालाही ठाऊक होतं. मागच्या एका पावसाळ्यात खण असाच अडला होता, तेव्हा घरात कुणी नसताना त्याने हेच केलं होतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. गर्दीत गोदाक्काही होती.

"खालच्या खणाची किल्ली हरवली," कारभारी म्हणाला.

"मग कुलूप काढतो की. त्याला कितीसा वेळ?"

"नको. त्यात देवाचं ठेवलंय. नवस आहे. दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही."

"मग कुऱ्हाड घालू का मेजावर?"

"मेज फुटलं तर खालचा खणही फुटेल," कारभारी घाईने म्हणाला. "गावावर कोप होईल. थोडं थांबा. पाऊस उघडला की लाकूड आपोआप आक्रसेल."

लोकांनी ऐकलं. हा माणूस खोटं बोलेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि देवाचं नाव निघाल्यावर पुढे कोण होणार? सगळे पाऊस थांबायची वाट बघत बसले. पाऊस मात्र कुणाची वाट बघत नव्हता.

कारभाऱ्याला अन्न गोड लागेना. गर्दी पांगली की खालचा खण उघडू, किल्ली काढू, असं त्याने ठरवलं. पण ओटीवरून माणसं हलेनात. ज्यांची शेतं बुडत होती ती जाणार तरी कुठे?

असे दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी साळू ओटीवर चढली. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात रोपांची एक मूठ. रोपं काळी पडली होती आणि त्यांना वास येत होता. तिने ती मेजावर ठेवली.

"कारभारी, खण उघडा," ती म्हणाली. "नवस मोडल्याचं पाप लागायचं असलं तर ते माझ्या नावावर टाका. न केलेल्याचा बोल घ्यायची मला सवय आहे. त्यात आणखी एक."

कारभाऱ्याने सगळ्यांच्या देखत करगोट्याची गाठ सोडली आणि हरवलेली म्हणून सांगितलेली किल्ली काढली. खालचा खण अलगद बाहेर आला. त्यात देव नव्हता. सुरी होती, दाभण होता, चिपळी होती, आणि सगळ्यांत वर पितळी अडकित्ता होता.

सुताराने मोकळ्या जागेतून हात घातला, खालून दोनचार ठोके दिले आणि वरचा खण सुटला. पैलवान किल्ली घेऊन बांधाकडे पळाला. संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं, पण रोपं गेली होती. उंचावरच्या शेतकऱ्यांनी आपली उरलीसुरली रोपं दिली, ती पुरली नाहीत. साळूचं खाचर आणि त्याला लागून असलेली आणखी काही खाचरं त्या वर्षी पडीक राहिली.

गोदाक्काला त्या दिवशी सुनेपुढे यायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः विडा लावला आणि आधी सुनेच्या हातावर ठेवला. साळूने तो घेतला, पण लगेच खाल्ला नाही.

मग कारभारी घरोघर वस्तू परत द्यायला निघाला. गोदाक्काच्या दारात तो हात जोडून उभा राहिला. आतून साळूच बाहेर आली.

"अडकित्त्याचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर सगळं गाव हसलं असतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी विसरलंही असतं. आता ह्या रिकाम्या खाचराला काय सांगू?"

कारभाऱ्याने अडकित्ता उंबऱ्यावर ठेवला. गावाने त्याचं काम काढून घेतलं नाही, हिशेब तो अजूनही चोखच ठेवत होता. पण तलावाची किल्ली त्याच दिवसापासून चावडीच्या खुंटीवर, सगळ्यांना दिसेल अशी टांगली गेली. आणि पुढे कधीही, कसल्याही बाबतीत, कारभारी "माझ्याकडे नाही" म्हणाला, की माणसं मान डोलवत आणि मुकाट्याने मेजाकडे बघत.

तात्पर्य: आपली चूक लहान असतानाच आपल्या हाताने बाहेर काढावी; झाकून ठेवली तर तिची भरपाई दुसऱ्याला करावी लागते.