टाच लागेपर्यंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. पिळवंडीत तेव्हा सगळी मोजमापं दोरानं व्हायची, आणि तो दोर केव्हाच कुजून गेला. एवढं खरं की माळावरची चिंच तेव्हा भरात होती, आणि अख्ख्या गावाला मिळून एकच आड होता.

त्या पिळवंडीत सटवाजी दोर वळायचा. बैलाचा कासरा, गाईचं दावं, पाळण्याची दोरी, गावात जे काही बांधलं जायचं ते सटवाजीच्या हातचं. पण त्याचं नाव होतं ते आडाच्या दोरासाठी. चाळीस हातांचा दोर, ना एक वीत कमी ना एक वीत जास्त. पोहरा सोडला की पाण्याला टेकायचा आणि बाईच्या हातात दोन वेढे उरायचे.

आता दोर कसा वळतात ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंबाडीची साल पाण्यात कुजवायची, बडवायची, मग तिचा वाख निघतो. त्या वाखाचा पेंडा सटवाजी कमरेला बांधायचा. माळाच्या एका टोकाला खुंट, खुंटात लाकडी फिरकी. फिरकी फिरवायला त्याची बायको, सोनाई. वाखाचं टोक फिरकीला अडकवलं की सोनाई फिरवत राहायची आणि सटवाजी वाख सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचा. असे सारखे तीन पेड झाले की ते एकत्र पिळायचे, झाला दोर. म्हणजे बघा, हा माणूस जन्मभर मागेच चालला. तोंड बायकोकडे, पाठ जगाकडे. असला नवरा मिळायला नशीब लागतं म्हणून बायका सोनाईला चिडवायच्या. सोनाई म्हणायची, तोंड माझ्याकडं असतं खरं, पण ध्यान सगळं वाखात असतं.

सटवाजी पावलं मोजून अंतर धरायचा. पण माणसाचं वय झालं की पाऊल आखडतं, आणि ज्याचं आखडतं त्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं. आकडा तोच राहिला आणि दोर आखूड होत गेला. एक दिवस गंगू नावाची नवी नवरी आडावर आली. पोहरा पाण्याला टेकेना म्हणून ती वाकली, आणखी वाकली, आणि गेली की आत! माणसं धावली, तिला वर काढलं, वाचली पोर. पण सटवाजीचा आपल्या पायांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. पंधरा दिवस फिरकी हलली नाही. चुलीजवळ बसून तो नुसता आपल्या पावलांकडे बघत राहायचा.

त्याच दिवसांत ते कुत्रं आलं. कुठून आलं, कोणाचं होतं, कोणाला माहीत नाही. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेला. दोन दिवस राहील आणि जाईल असं सगळ्यांना वाटलं, म्हणून त्याला पाहुण्या म्हणू लागले. पाहुण्या काही गेला नाही. रोज सकाळी माळावर यायचा आणि चिंचेच्या बुंध्याशी ठरल्या जागी अंग टाकायचा. सोनाईनं एक दिवस गुपचूप जुन्या पेडानं खुंट ते कुत्रं हे अंतर मोजलं. बरोबर भरलं! तिनं नवऱ्याला उठवलं आणि सांगितलं, पावलं मोजू नका. मागं चालत राहा. कुत्र्याला टाच लागली की थांबा.

सटवाजीनं आडाच्या काठावर हात ठेवून शब्द दिला, की टाच लागल्याशिवाय वाख तोडणार नाही. त्या दिवसापासून फिरकी पुन्हा गुणगुणू लागली. टाच लागली की पाहुण्या झोपेतच शेपूट एकदा आपटायचा आणि सटवाजी वाख तोडायचा. पिळवंडीत पुन्हा कोणी आडात पडलं नाही.

अशी वर्षं गेली. कुत्र्याचं वय माणसापेक्षा घाईनं पळतं. पाहुण्याचं तोंड पांढरं झालं, डोळ्यांत ढग उतरले, कानांनी ऐकू येईना. बसायचं झालं तर आधी तीनदा गोल फिरायचा, मग मागचे पाय एकेक करून दुमडायचा. सोनाई त्याला भाकरी ताकात कुस्करून द्यायची. सटवाजीनं मऊ सुताच्या गाठी मारून त्याला एक चटई विणून दिली. ती पाहुण्यानं एकदा हुंगली आणि जमिनीवरच झोपला. एवढ्या कष्टाचं असं मोल झालं म्हणून सोनाई हसली होती.

आणि मग पाहुण्या सरकू लागला. आधी वीतभर. मग हातभर. चिंचेची सावली सोडून रोज थोडा थोडा पलीकडे.

सटवाजीची पाठ तिकडे, त्याला काय दिसणार? सोनाईला मात्र सगळं दिसत होतं. शेवटी तिनं फिरकी थांबवून सांगितलं, "आवं, कुत्रं सरकलंय."

"झोपलंय न्हवं?" सटवाजी म्हणाला. "मग सरकू दे. झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवू नये, सोने. त्याची हाडं ऊब हुडकत असतील."

दोर लांबत गेले. पंचेचाळीस हात झाले, पन्नास झाले, साठ झाले. बायका कुरकुरू लागल्या. एवढं ओझं खांद्यावर कोण वागवणार? उरलेले वेढे आडाच्या काठावर चिखलात लोळायचे, त्यात पाय अडकायचे. कोणी दोर कापून उरलेल्या तुकड्यानं शेळ्या बांधल्या. हळूहळू लोक बाजारच्या गावाहून दोर आणू लागले. राणोजी पाटील स्वतः माळावर आले आणि समजुतीनं सांगून गेले, की बाबा, एक तर कुत्र्याला जागेवर आण, नाहीतर त्याला डोंगरापलीकडे सोडायला मी माणसं पाठवतो. कुत्र्याच्या नादानं म्हातारपणी उपाशी मरशील. सटवाजीनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाच लागेपर्यंत चालला. पाटील घरी जाऊन म्हणाले, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

सोनाईला मात्र धीर निघेना. चूल दिवसाआड पेटत होती. कुत्र्याला खरंच उचलून नेलं तर नवरा पुन्हा चुलीपाशी बसणार, आणि या वेळी उठायचा नाही, हे ती जाणून होती. एका दुपारी सटवाजी अंबाडी आणायला गेला असताना तिनं पाहुण्याला दोन्ही हातांवर उचललं आणि चिंचेच्या बुंध्याशी, जुन्या जागी आणून ठेवलं. नुसतं कातडं आणि हाडं राहिली होती. पाहुण्यानं तिचा हात चाटला. मग उठला. थरथरत चार पावलं गेला, पडला. उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा उठून आपल्या जागेवर जाऊन पोचला, तीनदा गोल फिरला आणि निजला. सोनाई चिंचेखाली बसून हमसून हमसून रडली. म्हाताऱ्या जिवाला आपण उगीच पायपीट करायला लावली, हे तिला फार लागलं. त्यानंतर तिनं त्याला कधी हलवलं नाही आणि कोणाला हात लावू दिला नाही. पाटलांची माणसं आली, ती सोनाईचं तोंड बघूनच परतली.

मग तो उन्हाळा आला. त्याच्या आधीचा पाऊस नुसता वरवर शिंपडून गेला होता. आडाचं पाणी उतरू लागलं, रोज वीतभर, मग हातभर. असं म्हणतात, पाहुण्या जेवढा सरकला होता, नेमकं तेवढंच पाणी पहिल्यांदा सरकलं. बाजारचे दोर आधी आखूड पडले. ज्यांनी दोर कापले होते ते शेळ्यांच्या गळ्यातले तुकडे सोडून आणून गाठी मारू लागले, पण गाठ रहाटावर अडायची आणि तुटायची. ज्यांच्या घरी सटवाजीचा लांबडा दोर होता त्यांच्या दारी अख्खं गाव रांग लावू लागलं. कुत्र्याला पाण्याचं आधीच कळलं होतं, असं लोक म्हणू लागले. सटवाजी म्हणायचा, त्याला पाण्याचं काय कळतंय, त्याला ऊन हवं होतं.

पण एक दिवस तोही दोर पुरेना. पोहरा खाली जायचा, खाली जायचा, आणि रिकामाच वर यायचा. आडात तोंड घालून ओरडलं तर फार खालून ओला आवाज यायचा, म्हणजे पाणी होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात ना, इथं आडात होतं आणि पोहऱ्यात येत नव्हतं. लेकरांचे ओठ फुटले. लोक गाव सोडायचं बोलू लागले. राणोजी पाटील पुन्हा माळावर आले. या वेळी ते खाली मातीत बसले आणि सटवाजीला म्हणाले, "आजवर तुला बोललो ते पोटात घाल. गाव तुझ्या हातात हाय."

"माझ्या हातात काय न्हाई, पाटील," सटवाजी म्हणाला. "ते कुठं निजतंय ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहुण्या उठला. कित्येक महिन्यांत तो एवढा चालला नव्हता. माळ ओलांडून, बांध ओलांडून, सावकाश, थांबत थांबत तो डोंगराच्या बाजूला गेला आणि दिसेनासा झाला. कोणी त्याला अडवलं नाही.

सटवाजीनं कमरेला पेंडा बांधला. सोनाई फिरकीपाशी बसली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो कुठवर जाणार हे तिला कळलं होतं, असं म्हणतात. तिनं थांबा म्हटलं असतं तर तो थांबला असता. ती म्हणाली, "जपून जावा. माझं ध्यान हाय."

आणि फिरकी गुणगुणू लागली. एकेक पेड वळायला वेळ नव्हता, म्हणून सटवाजी तिन्ही पेडांचा मिळून एकच लांब पेड सोडत निघाला. दोन घटकांत अंबाडी संपली. मग गाव उठलं. बायकांनी जुनी लुगडी फाडून चिंध्या दिल्या, कोणी मेलेल्या बैलाचा कासरा उसवून दिला, गंगूनं आपल्या लेकाच्या पाळण्याची दोरी दिली. लोक पेंडे घेऊन त्याच्यामागे धावत होते आणि तो मागे मागे चालत होता. बांध आला तर पाय आपोआप वर उचलला जायचा. काटेरी झुडपं बाजूला व्हायची, असं म्हणतात. तोंड त्याचं सोनाईकडेच होतं. तो मुठीएवढा दिसू लागला, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, मग दिसेना. पेंडे पोचवणारेही एकेक करून मागे राहिले. शेवटचे परतलेले सांगत होते की म्हाताऱ्याच्या कमरेचा पेंडा आता सरतच नाही.

दिसेना झाला तरी सोनाईच्या हाताला ओढ लागत होती, म्हणून ती फिरवत राहिली. दुपार झाली. हाताला फोड आले, फुटले. गंगू म्हणाली, मी फिरवते. सोनाईनं फिरकी सोडली नाही. सूर्य डोंगराला टेकला आणि तिच्या हातातली ओढ एकदम सैल पडली. एकदा अलगद हिसका बसला, झोपेत शेपूट आपटावं तेवढा.

सोनाई फिरकी सोडून उभी राहिली. "लागली टाच," ती म्हणाली.

लोक पेड धरून धरून डोंगरापर्यंत गेले. शेवटच्या टोकाशी कोणी नव्हतं. वाळल्या गवतात फक्त दोन जागा दबलेल्या होत्या, एक माणसाएवढी, एक कुत्र्याएवढी, आणि दोन्हींवर हात ठेवला तर ऊब होती. लोकांनी हाका मारल्या. पाहुण्याला तर ऐकूच येत नव्हतं, आणि सटवाजी काही त्याला उठवणारा माणूस नव्हता.

तो पेड गावात आणला, तिहेरी केला आणि अख्ख्या पिळवंडीनं मिळून पिळला. पाटलांनीही हात लावला. सकाळी गंगूनं पोहरा सोडला. दोर जात राहिला, जात राहिला, आणि फार खालून डुबुक असा आवाज आला. गंगूच्या हातात दोन वेढे उरले होते.

सोनाई पुढं पुष्कळ जगली. रोज संध्याकाळी ती माळाच्या टोकाला दोन भाकरी ठेवून यायची, एक कोरडी आणि एक ताकात कुस्करलेली. कोणी विचारलं, नवऱ्याची आठवण येते का, तर म्हणायची, येते की. रोज येते. पण तोंड त्याचं माझ्याकडं हाय, एवढं मला पुरतंय.

आता पिळवंडीत नळ आला, आडावर जाळी बसली. तरी दोर विकत आणला तर दोन हात जास्त घेतात आणि त्याला पाहुण्याचा हात म्हणतात. गावात म्हातारं कुत्रं वाटेत झोपलं असेल तर बैलगाडी वळसा घालून जायची, आता ट्रॅक्टरही तसाच वळसा घालून जातो. आणि उन्हाळ्यात एक दिवस अख्खं गाव माळावर जमतं. गावातलं सगळ्यात म्हातारं कुत्रं मोकळं सोडतात, ते जिथं निजेल तिथवर उलट्या पावलांनी जाऊन नवा दोर वळतात. फिरकीवर म्हातारी बाईच बसते, आणि ती चालणाऱ्याला हाक मारत नाही. कुत्रं लांब निजलं की लोक गुपचूप घरी जातात आणि त्या दिवसापासून पाणी जपून वापरतात.

गेल्या वर्षी कुत्रं जाऊन निजलं ते थेट डांबरी रस्त्याच्या मधोमध. तालुक्याची एसटी येऊन थांबली. ड्रायव्हर नवा होता, त्याला काय ठाऊक! त्यानं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग खाली उतरून तावातावानं विचारू लागला, की हे काय चाललंय. रस्त्याकडेच्या एका आजीनं त्याला हाताला धरून सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. माळावरून एक माणूस पाठमोरा, पाऊल पाऊल करत येत होता.

"बस जरा, बाबा," आजी म्हणाली. "टाच लागू दे."