आधी कोणाला फेकायचं?

धर्मा तांडेलाची पवळी इतकी भित्री, की होडीवर लाट आपटली तरी बापाच्या पाठीमागे दडायची. एकदा बापलेक मचव्यातून मालवणला निघाले असता चाच्यांचं गलबत आडवं आलं. मिशाळ सरदार तलवार उपसून मचव्यात उतरला. पवळी लटलट कापू लागली, तसा तो गरजला, "दर्यावर भित्रं माणूस म्हणजे अपशकुन! फेका या पोरीला पाण्यात!"

धर्माने पाय धरले, पण सरदार ऐकेना. दोघा चाच्यांनी पवळीला उचलून काठाशी धरलं. खाली काळंभोर पाणी उसळत होतं. तेवढ्यात तिची नजर सरदाराच्या गळ्याकडे गेली.

"सरदारकाका," ती हुंदके देत म्हणाली, "मी भिते म्हणून आयेनं माझ्या गळ्यात एक ताईत बांधलाय. तुमच्या गळ्यात तर ताइतांची माळच आहे! मग आधी कोणाला फेकायचं?"

चाच्यांना हसू आवरेना. सरदाराने घाईघाईने गळ्याभोवती उपरणं गुंडाळलं.

"सोडा रे तिला!" म्हणत तो गलबताकडे वळला.

पवळीने आपला ताईत सोडून त्याच्यापुढे धरला.

"काका, हाही न्या. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त लागतो."