नाल्यावरची हद्द

कोष्टी आळीची मतं नगराध्यक्ष आबासाहेब खैरमोड्यांना कधीच पडली नाहीत. म्हणून नव्या प्रभागरचनेत त्यांनी वजन वापरून आळीचे दोन तुकडे करवले आणि दोन वेगळ्या प्रभागांत टाकले. हरकतींच्या सुनावणीला मागावर काम करणारी यमुनाबाई ढगे उभी राहिली, तेव्हा आबासाहेब मिशीत हसले.

"बाई, ही हद्द निसर्गानंच आखलीय. तुमच्या आळीतून नाला जातो. हद्द नाल्यावरूनच धरायची, असा नियम आहे."

"नाला आहे, हे नक्की ना?"

"नकाशातली निळी रेघ दिसत नाही का?"

यमुनाबाईला एवढंच वदवून घ्यायचं होतं.

"दिसते की! आळीतून निघते ती थेट तुमच्या मंगल कार्यालयाखालून जाते. ते बांधताना मात्र इथं नालाच नाही, असं तुम्ही लिहून दिलं होतं." त्या कागदाची नक्कल तिनं पिशवीतून काढून अधिकाऱ्यापुढे ठेवली. "साहेब, नाला असेल तर कार्यालय पाडा, नसेल तर हद्द पुसा. आम्हाला दोन्ही चालेल."

अधिकाऱ्यानं मान वर केली. "बोला आबासाहेब, नाला आहे?"

आबासाहेबांनी घाम टिपला.

"अहो, कसला नाला नि कसलं काय! पुसून टाका ती रेघ."