डाव्या मुठीत बसेल असं यंत्र

कोकणातल्या एका बंदरगावात एक वृद्ध गृहस्थ लोकांना घरच्या घरी साबण करायला शिकवीत. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या पडवीत एकदा एक शिष्या दाखल झाली. तिचं नाव शरयू. पूर्वी ती शिवणकाम करी. जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरली, उजवा खांदा निखळला. तो पुन्हा बसवला, पण पहिल्यासारखा झाला नाही. शिवणयंत्र बंद पडलं. खांद्यानं एक काम नेलं, दुसरं मात्र नेऊ द्यायचं नाही, असं मनाशी ठरवूनच ती आली होती.

आबांचा साबण पंचक्रोशीत नावाजलेला, आणि त्याहून नावाजलेली होती त्यांची रीत. खोबरेल आणि करंजाचं तेल कोमट करायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं निवलेलं पाणी बारीक धारेनं सोडायचं आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. दोन्ही एकजीव होऊन मिश्रण दाटलं, वरून पडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर टिकू लागली, की साच्यात ओतायचं. तोवर हात थांबवायचा नाही. यात सकाळ निघून जाई.

शरयूचा हात थांबे. खांद्यातून कळ निघे, ती दांडा डाव्या हातात घेई, मग तोही भरून येई. तेवढ्यात तेल वर तरंगे आणि पाणी तळाशी बसे. आठवड्यामागून आठवडे तिचं भांडं असंच फुकट गेलं.

आबांचे सर्वांत जुने शिष्य होते पाध्ये, निवृत्त मुख्याध्यापक. मनानं वाईट नव्हते. एके दिवशी ते अगदी मायेनं म्हणाले, "शरयूताई, तुम्ही आपलं तयार वड्या कागदात गुंडाळायचं बघा. तेही कुणीतरी करायलाच हवं."

"गुंडाळायला मी आले नाही," शरयू म्हणाली. आणि आबांकडे वळून तिनं सर्वांदेखत विचारलं, "हँड ब्लेंडरनं ढवळलं तर साबण होईल का नाही?"

"होईल," आबा म्हणाले.

"आबा!" पाध्ये चपापले. "मग आपल्या साबणात आणि बाजारच्या साबणात फरक तो काय राहिला?"

आबा शरयूला एवढंच म्हणाले, "घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या गावी जाऊन गुलाबी रंगाचा एक देखणा हँड ब्लेंडर घेऊन आली. आबांनी तो उलटा करून पात्याकडची बाजू पाहिली, पुन्हा खोक्यात ठेवला आणि खोकं तिच्या हातात दिलं.

"हा नको."

"का?"

आबा आपल्या भांड्याकडे वळले. दांडा फिरवू लागले. पडवीतल्या सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला: आबांना यंत्रच नको. पाध्यांनी तर समजूतदारपणे मानही हलवली.

शरयू घरी आली ती धुमसतच. सरळ नाही म्हणायचं होतं तर होईल कशाला म्हणाले? खोकं परत करायला ती गेली नाही. यंत्रात दोष असेल तर तो तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. चष्मा, हातमोजे चढवून तिनं परसात उघड्यावर थोडं सोड्याचं पाणी केलं आणि यंत्राचा पाय त्यात बुडवला. स्टीलच्या नळीला काही झालं नाही. पण पात्याभोवतीची जी वाटी होती, तिच्यावर बुडबुडे उठू लागले. बघता बघता वाटी काळवंडली. ती अ‍ॅल्युमिनियमची होती. सोड्यापाशी अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणायचं नाही, हा पडवीतला पहिलाच धडा. पण हा धातू गुलाबी यंत्राच्या तळाशी दडलेला असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिचा राग गेला नाही. त्याला फक्त दिशा मिळाली.

ती यंत्र स्वच्छ धुऊन पुन्हा दुकानात गेली आणि ते काउंटरवर ठेवलं. दुकानदार दचकला.

"हे काय केलंत वहिनी?"

"मी नाही, सोड्यानं केलं. मला तळापर्यंत स्टील असलेला हवा."

"अहो, पण ताक घुसळायला एवढं कशाला?"

"ताक नाही, साबण करायचा आहे. खोकी उघडा. बघितल्याशिवाय घेणार नाही."

दुकानदारानं कुरकुरत खोकी उघडली. एक दणकट यंत्र पुढे सरकवून तो म्हणाला, "हा घ्या. सगळ्यात जोरदार. हॉटेलवाले नेतात."

शरयूनं बादलीत पाणी मागितलं. "चालवून दाखवा."

यंत्र सुरू झालं मात्र, पाण्याचा फवारा दुकानदाराच्या शर्टावर उडाला. बटण अडकून राहणारं होतं. ते सोडवेपर्यंत गल्ल्यावरचा कॅलेंडरचा कागदही भिजला.

"हे पाणी होतं म्हणून बरं," शरयू म्हणाली. "सोडा डोळ्यांत गेला असता तर? दाबलं तर चालेल, सोडलं की थांबेल, असा द्या. जोर कमी असला तरी चालेल. आणि पाय सुटा करून धुता आला पाहिजे."

शेवटी मागच्या फळीवरून एक साधं, पांढरं यंत्र निघालं. तळापर्यंत स्टील, वाटीला बाजूंनी खाचा, म्हणजे आत हवा कोंडणार नाही. शरयूनं ते डाव्या हातात धरून पाहिलं. मूठ पुरती मिटली. अंगठा बटणावर सहज पोचला.

"हा तर कुणी घेत नाही," दुकानदार म्हणाला.

"मी घेतेय ना."

पडवीत आल्यावर तिनं कुणाला विचारलं नाही. तेल कोमट केलं, सोड्याचं निवलेलं पाणी त्यात ओतलं, यंत्राचा पाय तिरका बुडवून आतली हवा बाहेर जाऊ दिली आणि मगच बटण दाबलं. थोडं चालवायचं, बंद करून त्याच पायानं हळूहळू ढवळायचं, पुन्हा थोडं चालवायचं. पाध्ये शेजारी दांडा फिरवत होते. त्यांचं तेल अजून सोनेरी, पातळ होतं, तोच शरयूचं मिश्रण पिठल्यासारखं दाटलं. तिनं पाय उचलला. पडलेल्या धारेची रेघ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी साचा उघडला. वडी घट्ट, एकसारखी कापली गेली. आबांनी ती बोटांनी दाबून पाहिली, पाध्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "त्या दिवशी तो गुलाबी ब्लेंडर का नको, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर कोणता घ्यायचा हेही मलाच सांगावं लागलं असतं. मग तुम्ही सारे म्हणाला असतात, आबांनी बिचारीला सूट दिली. दिलेली सूट काढून घेता येते. माझ्या पश्चात, पाध्ये, तुम्ही पहिल्याच दिवशी यंत्र बंद केलं असतंत. आता तसं करता येणार नाही. हेच यंत्र का, याचं उत्तर तिच्याजवळ आहे आणि ते तिचं स्वतःचं आहे."

पाध्यांनी वडी खाली ठेवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोष्ट इथेच संपायची, पण शरयू बोलली.

"पटलं, आबा. पण मी एक विचारते. पाध्येगुरुजी इथं पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या हातात दांडा कुणी दिला?"

"मीच दिला."

"लाकडाचाच का, हे त्यांना शोधून आणायला लावलंत?"

"नाही."

"मग मलाच का? शंका होती ह्यांच्या मनात. परीक्षा मात्र माझी झाली. घरी जाऊन मी काय काय मनात आणलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. मी जिद्दीची म्हणून परत आले. दुसरी कुणी असती तर खोकं परत करून घरी बसली असती, आणि तुम्ही इथं ढवळत राहिला असतात."

तिचा आवाज चढला नव्हता, पण तिनं नजरही खाली घेतली नाही.

"अशी एखादी येऊन गेली असेल," आबा म्हणाले. "माझ्या ध्यानातही आलं नसेल." मग ते पाध्यांकडे वळले. "गुरुजी, इतकी वर्षं आपण दांडाच का धरला, ते उद्या तुम्ही सांगा. मीही विचार करून येतो. मला आत्ता विचाराल तर सांगता येणार नाही."

पाध्यांनी ती वडी पुन्हा उचलली आणि उजेडात धरून नीट पाहिली.

आबा उठून शरयूच्या भांड्यापाशी आले आणि त्यांनी यंत्रासाठी हात पुढे केला.

"दाखव बघू, कसं धरायचं."

शरयूनं यंत्र मागे घेतलं. "आधी हातमोजे घाला."

आबांनी हातमोजे घातले.