आधी करणारीकडे बघायचं

"पण काकी, आता हिच्यात उणं काय राहिलंय?"

ऋजुताने बाहुली चौरंगावर उभी केली. उभी कसली, टेकवली. टाचा इतक्या उंच, की पाठीशी रंगाचा डबा लावावा लागला.

रुक्मीकाकीने मान वर केली नाही. सावंतवाडीतल्या आपल्या पडवीत ती साठ वर्षं लाकडी बाहुल्या रंगवत होती. डिझाइनचं कॉलेज संपवून ऋजुता वर्षापूर्वी तिच्याकडे शिकायला आली, आणि तिने हे नवं काढलं होतं: कपडे बदलता येणारी बाहुली. मान लांब, पाय त्याहून लांब, कंबर अंगठीतून निघेल अशी. लेथवर अकरा कंबरा तुटल्या. बारावी टिकली.

"पुण्याच्या दुकानातल्या बाई फोटो बघून म्हणाल्या, पोरी वेड्या होतील हिच्यापायी! दुपारच्या एसटीने नमुना पाठवायचाय. फक्त डोळे राहिलेत. तुम्ही हो म्हणा."

पडवीची रीतच होती ती. डोळे सगळ्यात शेवटी, आणि तेही काकी सांगेल तेव्हा. डोळे उघडले की बाहुलीने आधी आपल्या करणारीकडे बघायचं, मग जगाकडे.

"काढ."

इतक्या सहज? ऋजुताच दचकली. कुंचला घेतला, श्वास धरला, दोन्ही डोळे काढले. सुरेख आले.

"आता बघू दे तिका तुझ्याकडे."

बाहुलीने बघितलं.

"काय म्हणता ती?"

"...काही नाही."

"श्वास सोड गो चेडवा."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. डोळे काढून कधीचे झाले होते, तरी श्वास धरलेला आणि पोट आत ओढलेलंच होतं. ही बाहुली करायला घेतल्यापासून तीन आठवडे दुपारी काकडी आणि रात्री कोरा चहा. कोणी सांगितलं होतं तिला?

"काय म्हणता ती?" काकीने पुन्हा विचारलं.

"...म्हणते, अजून थोडं आत घे."

"मगे?"

"मी घेतलं."

काकी हसली नाही, रागावलीही नाही. पांगाऱ्याचा एक कोरा ठोकळा तिने ऋजुतापुढे सरकवला.

"अहो, पण एसटी..."

"जाऊ दे."

लेथ फिरू लागला. कंबरेशी येताच पटाशी आपोआप आत घुसायला निघाली. ऋजुताने हात आवरला. लाकूड म्हणालं तिथे थांबली. पोट राहिलं. मांड्या राहिल्या. पावलं रुंद, सपाट झाली.

उन्हं कलता कलता तिने डोळे काढले. बाहुली चौरंगावर ठेवली आणि हात काढून घेतला.

उभी राहिली! डब्याशिवाय!

बाहुलीने बघितलं. ऋजुताच्या तोंडून हुश्श झालं, आणि त्या शांततेत तिचं पोट असं काही गुरगुरलं की पडवीतलं मांजर उठून पळालं.

"काय म्हणता ही?"

"म्हणते, पेज आहे का?"

आता मात्र काकी खदखदून हसली. ऋजुताही, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"काकी, उद्याच्या गाडीने हीच जाणार! बाई नको म्हणाल्या तर दुसरं दुकान शोधीन." तिने पहिली बाहुली उचलली आणि चुलीकडे वळली. "हिला मात्र जाळतेच."

काकीने तिचं मनगट धरलं. बाहुली काढून घेतली. हसता हसताच तिने पेजेची दोन ताटं मांडली होती, त्यांच्याशेजारी तिसरं मांडलं.

"जाळतंस कित्या गो? ती पण तीन आठवडे उपाशीच आसा. आधी तिका वाढ."