मंडळाचा तयार खड्डा

एका जंगलात कोल्हा, कावळा, वानर, रानडुक्कर असे नेहमीचेच प्राणी राहत असत, आणि चार जण जमले की होते तसे त्यांचेही एक मंडळ झालेले होते. कोल्हा अध्यक्ष होता, कारण त्याला भाषण येत असे. कावळा चिटणीस होता, कारण त्याचा आवाज साऱ्या जंगलात पोचत असे. मंडळाचे वर्षभर काही ना काही चाले. पावसाळ्यात वृक्षारोपण, नवरात्रात भोंडला, थंडीत वनभोजन, चैत्रात हळदीकुंकू. वनात राहणाऱ्यांना वनभोजन रोजचेच, असे तुम्ही म्हणाल, मुलांनो. पण त्या दिवशी सगळे ओळीने बसत आणि आधी कोल्हा बोले, एवढा फरक होता.

या जंगलात ओढ्यापलीकडून एक शिंपीण लग्न होऊन आली. शिंपी म्हणजे तो चिमुकला पक्षी, जो मोठ्या पानांच्या कडा कोळ्याच्या धाग्याने शिवतो आणि आत घरटे करतो. शिवायचे काम शिंपिणीचे. शिंपी जवळ बसून गातो. ही नवी शिंपीण थोडे बोले आणि पुष्कळ बघे. आल्या आल्या तिने पाहिले ते हे की, इथे मोठे पानच नाही. वर्धापनदिनाच्या आधी मंडळाने स्वच्छता मोहीम काढली होती आणि मैदानाभोवतीची सगळी झुडपे उपटून टाकली होती. मैदान छान दिसत होते. उरल्या होत्या त्या फक्त बाभळी.

"बाभळीच्या पानात शिवायला बसले, तर पानापेक्षा टाकाच मोठा व्हायचा," ती सासूला म्हणाली.

"आम्ही मोहिमेनंतर गवतात शिवून बघितलं," सासू म्हणाली. "वाऱ्याने उडालं. तू शोध, बाई. तुझी नजर नवी आहे."

शोधता शोधता तिला वारुळामागे रानघोसाळ्याचा एक वेल सापडला. तिने त्याची दोन पाने जोडून घरटे शिवले, आत सावरीचा कापूस भरला. अंडी घालायची तेवढी राहिली होती. तोच एका सकाळी वानर आला आणि त्याने अख्खा वेल ओढून खांद्यावर टाकला.

"अहो भावजी, त्यात माझं घर आहे!"

वानराने वेल उलटासुलटा करून पाहिला. "खरंच की. पण आता तुटला गं. आणि तोरणाला वेल लागतोच. आज आपलं वृक्षारोपण आहे ना!"

अशा रीतीने शिंपिणीचे घर मंडळाच्या तोरणात गेले. ती तोरणाशेजारी बसून कार्यक्रम पाहत राहिली. पाहुणा म्हणून पलीकडच्या डोंगरावरचा म्हातारा गवा आला होता. तो दरवर्षी येई. मैदानाच्या कडेला एक खड्डा तयारच होता. गव्याने त्यात उंबराचे रोप ठेवले, खुराने माती दाबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गव्याने विचारले, "गेल्या वर्षी मी जांभूळ लावलं होतं. ते कुठे आहे?"

"ते होय, आजोबा?" कोल्हा लगेच म्हणाला. "त्याने जीव धरला, म्हणून टेकडीपलीकडे हलवलं. फार उंच गेलंय. दाखवलं असतं, पण वाट चिखलाची आहे."

"असू दे, असू दे," गवा म्हणाला, आणि आपल्या डोंगरावर परत गेला.

घरी येताना शिंपिणीने सासूला विचारले, "टेकडीपलीकडे खरंच जांभूळ आहे?"

सासू हसली. "टेकडीपलीकडे खडक आहे. जांभूळ दिवाळीलाच वाळलं. त्याआधीचं करंज वाळलं, त्याआधीची चिंच वाळली. पाणी कोण घालणार? पण एक सोय झाली हो. दरवर्षी नवा खड्डा खणायला लागत नाही."

शिंपिणीने मागे वळून पाहिले. उंबराचे रोप वीतभर होते, पण पाने रुंद होती. जगले, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत शिवण्याजोगी होतील. दुसऱ्या दिवसापासून पाऊस नसला की ती ओढ्यावरून चोचीत पाणी आणू लागली. चोचीत मावे एक थेंब. तो मुळाशी पडायच्या आत वरची मातीच पिऊन टाकी. पाऊस सरला, तशी उंबराची खालची पाने पिवळी पडू लागली.

नवरात्रात भोंडला झाला. साऱ्या जणी फेर धरून नाचल्या, खिरापत ओळखायला सगळ्या जणी चुकल्या (ती वाळवलेल्या करवंदांचीच होती, दरवर्षी तीच असे), आणि मग हात धुवायला उठल्या. मंडळात एक रीत होती. वानर पाण्याने भरलेला मोठा भोपळा आणून मैदानाच्या मधोमध काठीला टांगी, आणि त्याचे बूच काढून सगळ्यांच्या हातावर पाणी सोडायचे काम त्या वर्षीच्या नव्या सुनेकडे असे. तिने जेवायचे सगळ्यांच्या नंतर. शिंपिणीने घोरपडीच्या हातावर पाणी सोडले, मुंगसाच्या बायकोच्या सोडले, कोल्हीणबाईंच्या सोडले, आणि ते सगळे पाणी मैदानात मुरून जाताना पाहिले. तिने बूच लावले आणि हळूच म्हणाली,

"वानर भावजी, पुढच्या वेळी हा भोपळा कडेला टांगाल का? त्या खड्ड्यापाशी?"

"का गं? इथे काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. इथे चिखल होतो. अध्यक्षांच्या शेपटीला लागतो."

कोल्ह्याचे कान तिकडेच होते. त्याने शेपटी उचलून पाहिली. खरोखरच चिखल होता. "बघा!" तो म्हणाला. "इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सून मोठी समजूतदार आहे. भोपळा कडेलाच टांगायचा."

त्या दिवसापासून भोपळा खड्ड्यावर लटकू लागला. कोजागिरीला दूध पिऊन सगळ्यांनी खड्ड्यापाशी तोंडे धुतली. वनभोजनाला तर रानडुकराने एकट्याने दोन वेळा हात धुतले, कारण ते दोन पंगतींना बसले होते. संक्रांतीला तिळगुळाने हात चिकट झाले, तेही तिथेच निघाले. उंबर गुडघ्याएवढे झाले. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. हात धुताना सगळे एकमेकांकडे पाहतात, खाली कोण पाहतो?

पुढे ऊन तापू लागले. होळीनंतर मंडळाची गडबड कमी होई. चैत्रात एक हळदीकुंकू झाले की एकदम पावसाळ्यापर्यंत सामसूम. उंबराची कोवळी पाने दुपारी माना टाकू लागली. एका हळदीकुंकवाने काय होणार? शिंपीण दोन दिवस विचार करत होती. मग ती घोरपडीकडे पन्ह्यासाठी कैऱ्या विचारायला गेली आणि निघता निघता म्हणाली, "मुंगूसवहिनी म्हणत होत्या, यंदा मंडळाचं एकच हळदीकुंकू कशाला, चैत्र महिनाभर आहे, आपण आपलं वेगळं करू."

"असं म्हणाली?" घोरपडीने मान वर केली. "ती करणार असेल, तर आधी मी करीन."

मुंगूसवहिनी तसे काही म्हणाल्या नव्हत्या, हे खरे. पण घोरपडीचे हळदीकुंकू झालेले ऐकल्यावर त्या नक्की तसेच म्हणाल्या. मग कोल्हीणबाईंना मागे राहून कसे चालेल? अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज कोणी ना कोणी मैदानात बोलावणे करी, रोज कैरीची डाळ, रोज पन्हे, आणि रोज भोपळा. सासू सगळे बघत होती. एक दिवस ती सुनेजवळ सरकून म्हणाली, "तू कमी बोलतेस ते बरं आहे हो. जास्त बोलली असतीस, तर जंगलात कोणाला झोप मिळाली नसती."

वळीव येऊन गेले, मग पाऊस लागला. उंबर आता कोल्ह्याच्या डोक्यापेक्षा उंच झाले होते. शिंपिणीने दोन रुंद पाने निवडली, कडेने भोके पाडली, धागा ओढला. या वेळी वेल नव्हता, झाड होते. तिने आत तीन अंडी घातली. शिंपी शेजारच्या बाभळीवर बसून दिवसभर गात राहिला.

आणि वृक्षारोपणाचा दिवस उजाडला. कोल्हा, कावळा आणि रानडुक्कर तयारी पाहायला लवकर आले आणि थबकले.

"खड्डा कुठे आहे?" कोल्ह्याने विचारले.

"खड्डा इथेच होता," कावळा म्हणाला. "दरवर्षी असतो. इथे तर झाड आहे."

"झाड कोणी लावलं?"

"आपणच. गेल्या वर्षी."

"मग ते अजून इथे काय करतंय?" कोल्हा चिडला. "पाहुणे निघालेसुद्धा असतील. खड्ड्यात झाड असेल, तर झाड लावायचं कुठे? उपटा ते. आटपा!"

रानडुक्कर नाक खाली घालून पुढे झाले. तोच पानांतून बारीक आवाज आला, "काका, थांबा. इथे माझी अंडी आहेत."

"अंडी दुसरीकडे ठेव," कोल्हा म्हणाला. "कार्यक्रम दुसरीकडे ठेवता येत नाही."

"तुम्ही दुसरा खड्डा खणा ना."

"दुसरा खड्डा? आयत्या वेळी? आणि खणणार कोण?"

रानडुकराने कोल्ह्याकडे पाहिले, मग झाडाकडे पाहिले. उपटणेही त्यालाच होते आणि खणणेही त्यालाच. शिंपीण पानावरून हलली नाही. तिची सासू येऊन शेजारच्या पानावर बसली आणि म्हणाली, "डुकरभावजी, वनभोजनाला दोन पंगती जेवलात, तेव्हा हात कुठे धुतलेत? याच्याच मुळाशी. आता यालाच उपटणार?"

रानडुकराने नाक वर घेतले. "तिथेच धुतले खरे," ते म्हणाले.

एवढ्यात गवा आलाच. कोल्हा झटकन वळला, त्याने शेपटी सारखी केली. गव्याने आपला दरवर्षीचा प्रश्न विचारला, "गेल्या वर्षी मी उंबर लावलं होतं. ते कुठे आहे?"

"ते होय, आजोबा?" कोल्हा लगेच म्हणाला. "त्याने जीव धरला, म्हणून टेकडीपलीकडे हलवलं. फार उंच गेलंय. दाखवलं असतं, पण वाट..."

आणि तो गप्प झाला. कारण उंबराचे एक पान वाऱ्याने त्याच्या कानाला लागत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरे सांगता आले असते, आणि सवयीने ते राहून गेले.

"आजोबा," शिंपीण म्हणाली, "हेच ते. तुम्ही खुराने माती दाबली होती."

गवा जवळ आला. त्याने झाडाचा वास घेतला. शिवलेली पाने पाहून तो मागे सरला, श्वासाने हलायला नकोत म्हणून. मग म्हणाला, "इतकी वर्षं झाडं लावतोय. मी लावलेलं झाड आज पहिल्यांदा बघतोय." तो कोल्ह्याकडे वळला. "टेकडीपलीकडे आता मी जाणार नाही, रे. वाट चिखलाची आहे ना. नवं रोप आणलंय? मग खड्डा खण."

"खणतो, आजोबा. रानडुक्कर..."

"तू खण."

त्या दिवशी अध्यक्षांच्या शेपटीला पुष्कळ चिखल लागला. रानडुक्कर मागून मदतीला गेले, कावळ्याने खडे उचलले, आणि उंबरापासून थोड्या अंतरावर एक नवा खड्डा झाला. त्यात करंजाचे रोप लागले. कोल्ह्याने भाषणात सांगितले की, मंडळाच्या वर्षभराच्या नियोजनामुळे उंबर एवढे वाढले. शिंपिणीने ते ऐकले नाही. ती अंड्यांवर बसली होती.

त्या वर्षी वानराच्या धाकट्या भावाचे लग्न झाले. नवरात्रात भोंडल्याच्या दिवशी नवी वानरीण भोपळा घेऊन आली आणि इकडे तिकडे बघत उभी राहिली. शिंपिणीची तीन पिल्ले तेव्हा उडायला शिकून उंबराच्या शेंड्यावर भांडत होती.

"वहिनी, भोपळा कुठे टांगू?" वानरिणीने विचारले.

"त्या करंजाजवळ," शिंपीण म्हणाली. "इथे चिखल होतो."

तात्पर्य : झाड लावायला एक दिवस आणि एक पाहुणा पुरतो. ते जगवायला मात्र, टाळ्या संपल्यावर सांडणारे पाणी कुठे जाते, ते पाहणारे कोणी तरी लागते.