वाटेच्या आजीचं पाणी

या कातळावर कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही, असं मी खाली ओढ्याशीच सांगितलं होतं. तरी मघाशी तुमच्यातल्या एकाने मारलीच. असो. ही पाण्याची करवंटी बघताय ना? आमच्या पाड्यातलं कुणीतरी रोज सकाळी ती भरून ठेवतं. पाखरं पितात, पण ठेवलेली असते ती पाखरांसाठी नाही.

फार पूर्वी, साहेबाच्या राज्यात, आमच्या पाड्यावर समुद्रापलीकडचा एक पाद्री येऊन राहिला, असं सांगतात. धर्माचं बोलण्याआधी आमची बोली शिकायची आणि तिचं पुस्तक करायचं, असं त्याने मनाशी घेतलं होतं. त्याची रीत अशी, की वस्तूला बोट लावून शब्द विचारायचा, लिहायचा, आणि समोरचा होकाराची मान डोलवीपर्यंत मोठमोठ्याने घोकायचा. नांगर, कोयता, खेकडा, सासू, सगळं घोकून झालं. पोरं हसत त्याच्या मागे मागे फिरायची म्हणे.

त्याला शिकवायला एक म्हातारी होती. तिचं नाव मी इथे घेणार नाही. आम्ही तिला वाटेची आजी म्हणतो. पाड्यात कुणी गेलं की त्याच्या कानात वाटेचे बोल सांगायचा मान तिचा. बोल थोडेच. गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, ऊठ, इथलं झालं, आता चालू लाग. ज्याचं नाव घेतलं त्याला जावंच लागतं, अशी आमची श्रद्धा. म्हणून एरवी ते ओठावरही आणायचे नाहीत.

पाद्र्याला नेमके तेच हवे होते. म्हातारी टाळत राहिली. मग तिचा नातू लखमा तापाने फणफणला. पाद्र्याने आपल्या पेटीतलं औषध दिलं, उशाशी बसून राहिला, आणि पोर वाचलं. बदल्यात त्याने काही मागितलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण पुढे त्याने पुन्हा बोल विचारले, तेव्हा तिला नाही म्हणवेना. घरादारावर सावट नको म्हणून ती त्याला या कातळावर घेऊन आली.

"नाव घातल्याबिगर ते बोल सांगता येत नाय," ती म्हणाली.

"मग माझं घाल," पाद्री हसून म्हणाला.

"तुझी आई हाय ना रे तिकडं?" एवढंच तिने विचारलं, आणि बोलांत स्वतःचं नाव घातलं.

पाद्र्याने लिहून घेतलं. मग रीतीप्रमाणे घोकायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. चुकला की म्हातारी नाही म्हणायची, कारण चुकीच्या बोलांना हो म्हणणं तिच्याच्याने होईना. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. बिचारी बसून स्वतःची पाठवणी ऐकत होती. शेवटी त्याला बिनचूक आलं आणि तिने मान डोलवली.

त्या दिवसापासून तिने अन्न सोडलं, किंवा अन्नानेच तिला सोडलं, दोन्ही सांगतात. पाद्री औषध घेऊन धावला, तेव्हा तिच्या सुनेने त्याला त्याने काय केलं ते सांगितलं. ते पान फाडायलाही तो तयार होता, पण छापायला धाडलेले कागद तोवर बोटीवर चढले होते. म्हातारी त्याच आठवड्यात गेली.

तो लखमा माझ्या आजोबांचा आजोबा. त्यामुळे पाद्र्यावर मला धड रागावता येत नाही, आणि त्याला माफ करायलाही जीव होत नाही.

पुस्तक पुढे छापलं गेलं, असं ऐकतो. कुठल्या देशात, कुणाच्या कपाटात, ठाऊक नाही. कुणीतरी उघडतं, मोठ्याने वाचून बघतं. की इकडे आजीला उठावं लागतं, चालू लागावं लागतं. पोचणं म्हणून तिच्या नशिबी नाही. एवढं चालून तिला तहान लागत असेल, म्हणून आजही आम्ही इथे पाणी ठेवतो. कधी सकाळी भरलेली करवंटी दुपारी कोरडी दिसते. पाखरं असतील.

तुम्ही शहरातली, वाचणारी माणसं. कुठे ते पुस्तक हाती लागलं, तर तेवढं पान मनातल्या मनात वाचा.